मुंबईतील शालेय वादविवाद संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या शाळांतील शिक्षक, पालक आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. येथील उत्तर आणि एखाद्या स्पर्धेचे त्या वर्षीचे परिपत्रक यांत फरक आढळल्यास परिपत्रकच प्रमाण मानावे.

१. आमची मुले वक्तृत्व स्पर्धांत दरवर्षी बक्षिसे आणतात. ती थेट वादविवाद स्पर्धेत उतरू शकतील का?

उतरू शकतील, पण लगेच जिंकतील अशी अपेक्षा ठेवू नये. वक्तृत्वात विषय आधी कळतो, भाषण घरी लिहून पाठ करता येते आणि बोलताना कोणी अडवत नाही. वादविवादात प्रस्तावाच्या बाजूने बोलायचे की विरोधात, हे बहुतेक वेळा आयोजक किंवा नाणेफेक ठरवते. भाषण चालू असताना प्रतिपक्ष प्रश्न विचारण्यासाठी उभा राहतो. आणि समोरच्याच्या सर्वांत बळकट मुद्द्याला वक्त्याने उत्तर दिले की नाही, याकडे परीक्षकाचे मुख्य लक्ष असते. वक्तृत्वातून आलेला सभाधीटपणा ही मोठी शिदोरी आहे. मात्र सुभाषिताने सुरुवात करणे, ठरावीक वाक्यावर आवाज चढवणे आणि शेवटी कवितेच्या ओळी म्हणणे या सवयींचा येथे उपयोग होत नाही, उलट मोजकी मिनिटे वाया जातात.

अशा मुलांसाठी सर्वांत फलदायी ठरलेला सराव साधा आहे. एकाने दोन मिनिटे एक मुद्दा मांडावा. दुसऱ्याने तो आधी स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावा, पहिल्याने ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे मान्य करावे आणि त्यानंतरच दुसऱ्याने खंडन करावे. नीट ऐकणे हीच या स्पर्धेची पहिली पायरी आहे आणि ती चढायला बहुतेक मुलांना एक सत्र तरी लागते.

२. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र कसे ठरायचे? जिल्हा, राज्य, देश अशी एकच शिडी आहे का?

सर्व शाळांसाठी मिळून अशी एकच शिडी नाही, आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात तीन वेगळे मार्ग आहेत.

पहिला मार्ग परीक्षा मंडळाचा किंवा शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा. आयसीएसई आणि आयएससी परीक्षा घेणारी परिषद फ्रँक अँथनी यांच्या स्मरणार्थ अखिल भारतीय आंतरशालेय वादविवाद स्पर्धा घेते. त्यात केवळ संलग्न शाळांना प्रवेश असतो आणि खालच्या फेऱ्या जिंकणारे संघ राष्ट्रीय फेरीत जातात. केंद्रीय विद्यालयांसाठी संसदीय कार्य मंत्रालय १९८८ पासून राष्ट्रीय युवा संसद स्पर्धा घेत आले आहे. कुलाबा किंवा पवईच्या केंद्रीय विद्यालयातील मुलांना हा मार्ग उपलब्ध असतो. मात्र ती दोन संघांतील वादविवादाची स्पर्धा नसून सभागृहाच्या कामकाजाचे सादरीकरण असते, त्यामुळे तिची तयारीही वेगळी करावी लागते.

दुसरा मार्ग खुल्या निमंत्रण स्पर्धांचा. शाळा, महाविद्यालये आणि विद्यार्थी मंडळे त्या भरवतात. तेथे येण्यासाठी आधी काही जिंकलेले असावे लागत नाही. वेळेत नोंदणी केली आणि शुल्क भरले की संघाला प्रवेश मिळतो. खरी चाळणी स्पर्धेच्या आत लागते, ती कशी हे प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

तिसरा मार्ग भारतीय संघाच्या निवडीचा. तेथे शाळेची नव्हे, तर एकेका विद्यार्थ्याची निवड होते. त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

३. आमची शाळा राज्य मंडळाची, मराठी माध्यमाची आहे. मग आमच्यासाठी दार बंदच म्हणायचे का?

मुळीच नाही. मंडळाच्या शिडीचा मार्ग आपल्याला मिळत नाही, हे खरे आहे. पण खुल्या स्पर्धांची नोंदणी करताना मंडळ किंवा माध्यम सहसा विचारात घेतले जात नाही. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि अलीकडच्या वर्षांत तिने इतर मंडळांच्याही शाळा सुरू केल्या आहेत. माहीमच्या वूलन मिल येथील शाळा आयसीएसई मंडळाची आहे, म्हणजे महापालिकेच्या शाळेतील मुलांसाठी परिषदेच्या स्पर्धेचा मार्गही आता अशक्य कोटीतला राहिलेला नाही.

खरा अडथळा माहितीचा आहे. खुल्या स्पर्धांची निमंत्रणे ज्या शाळांशी आयोजकांचा आधीपासून परिचय आहे, त्यांच्याच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत राहतात. आपल्या शाळेचे नाव त्या यादीत यावे म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र घेऊन जूनमध्येच आसपासच्या आयोजक शाळांना आणि महाविद्यालयांच्या वादविवाद मंडळांना लिहावे. संघ तयार नसेल तर पहिल्या वर्षी मुलांना प्रेक्षक म्हणून नेण्याची परवानगी मागावी. ती नाकारली जाणे विरळाच.

४. संघात किती मुले असतात आणि प्रत्येकाला किती वेळ मिळतो?

हे स्पर्धेच्या पद्धतीवर अवलंबून असते. शालेय जागतिक स्पर्धेच्या पद्धतीत एका संघाचे तीन वक्ते एका सामन्यात बोलतात, संघात तीन ते पाच जण असू शकतात. मुख्य भाषण आठ मिनिटांचे असते आणि शेवटी पहिला किंवा दुसरा वक्ता चार मिनिटांचे समारोपाचे भाषण करतो. ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोघांचा एक संघ, असे चार संघ एकाच सामन्यात असतात. भाषणे सात मिनिटांची आणि प्रस्ताव कळल्यानंतरची तयारी फक्त १५ मिनिटांची. आशियाई संसदीय पद्धतीत तिघांचे दोन संघ असतात आणि तयारीला साधारण अर्धा तास मिळतो. शालेय स्पर्धांत लहान गटांसाठी हे वेळ बऱ्याचदा कमी केले जातात.

५. ‘ब्रेक झाला’ म्हणजे नेमके काय? तीन सामने जिंकूनही आमचा संघ बाद फेरीत गेला नाही, असे कसे?

सुरुवातीच्या सर्व फेऱ्या संपल्यावर गुणतक्ता लावला जातो आणि वरचे चार, आठ किंवा सोळा संघ बाद फेरीत जातात. त्या निवडीला ब्रेक म्हणतात. दोन संघांच्या पद्धतीत आधी जिंकलेले सामने मोजतात, मग त्या सामन्यांत आपल्या बाजूने किती परीक्षकांनी कौल दिला ते पाहतात आणि तरीही बरोबरी राहिली तर वक्त्यांचे सरासरी गुण. त्यामुळे तिन्ही परीक्षकांच्या एकमताने मिळालेला विजय आणि दोन विरुद्ध एक असा विजय यांचे मोल शेवटी सारखे राहत नाही.

चार संघांच्या पद्धतीत पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य गुण मिळतात. पाच फेऱ्या असतील तर कमाल १५ गुण होतात. दोनदा पहिला आणि तीनदा शेवटचा आलेला संघ सहा गुणांवर थांबतो, तर एकदाही पहिला न येता प्रत्येक वेळी दुसरा आलेला संघ दहा गुणांपर्यंत पोहोचतो. सातत्य चमकण्यापेक्षा मोठे ठरते ते या गणितामुळे. शिवाय पहिल्या फेरीनंतर समान गुणांचे संघ एकमेकांसमोर ठेवले जातात, म्हणजे जिंकत गेलेल्या संघाला दर फेरीला अधिक तयारीचा प्रतिस्पर्धी मिळतो. दुसऱ्या दिवशी मुले थकलेली दिसतात त्याचे हे एक कारण आहे, आणि पालकांनी ते समजून घेतले पाहिजे.

६. भारतीय संघात निवड कशी होते? त्यासाठी शाळेने आधी राष्ट्रीय स्पर्धा जिंकावी लागते का?

नाही. शालेय जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिच्यासाठी भारताचा संघ इंडियन स्कूल्स डिबेटिंग सोसायटी ही संस्था निवड चाचण्यांतून ठरवते. चाचणीत विद्यार्थी स्वतःच्या नावाने उतरतो, त्याला वेगवेगळ्या सहकाऱ्यांबरोबर बोलावे लागते आणि शाळेच्या नावलौकिकाला तेथे गुण नसतात. २०१९ मध्ये बँकॉक येथे भारताने ही जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर चाचण्यांना बसण्याविषयीची विचारणा आमच्याकडे वाढली. या मार्गाची तयारी एका वर्षात होत नाही. आठवी-नववीपासून खुल्या स्पर्धांत बोलत आलेल्या विद्यार्थ्यालाच तेथील वेग झेपतो.

७. आमच्या मुलांचे इंग्रजी उच्चार शहरी इंग्रजी शाळांसारखे नाहीत. त्यांना गुण कमी मिळतील का?

उच्चारांसाठी गुण कापणे हे संसदीय पद्धतीच्या परीक्षणात चूक मानले जाते आणि परीक्षकांना तशी सूचना स्पर्धेपूर्वीच दिली जाते. जागतिक शालेय पद्धतीत आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० गुण असतात. शैली म्हणजे परदेशी वळणाचे इंग्रजी नव्हे; बोलणे स्पष्ट आहे का, ऐकणाऱ्याला मुद्दा धरून ठेवता येतो का आणि नजर कागदातच खिळलेली नाही ना, हे त्यात पाहिले जाते. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही अशा देशांच्या संघांसाठी जागतिक स्पर्धेत स्वतंत्र सन्मानही आहेत.

तरीही कागदावरचा नियम आणि खोलीतला अनुभव यांत अंतर पडते, हे नाकारता येत नाही. मुलांना भीती परीक्षकाची नसते, तर समोरच्या संघातील मुले हसतील याची असते. यावर उपाय एकच : छोटी वाक्ये, एका वाक्यात एक विचार आणि माहीत नसलेला भारी शब्द टाळणे. विक्रोळी, धारावी किंवा गोवंडीत राहणाऱ्या मुलीला पाणीपुरवठा, घरभाडे आणि लोकलमधील गर्दी यांविषयी जे ठाऊक असते, ते बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना वाचूनही कळलेले नसते. तिने ते नेमकेपणाने मांडले तर आशयाचे गुण तिच्याकडेच येतात.

८. स्पर्धा इंग्रजीत असेल तर मराठीत सराव करून काय उपयोग?

फार उपयोग आहे, कारण युक्तिवाद आधी आपल्या भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेत तो मांडताना फक्त शब्दांचा प्रश्न उरतो. मुंबईला याची जुनी परंपराही आहे : एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी १८४८ मध्ये स्थापन केलेल्या साहित्य आणि शास्त्रविषयक मंडळाला मराठी आणि गुजराती शाखा होत्या आणि तेथे निबंध वाचून त्यांवर देशी भाषांत चर्चा होत असे.

एक प्रस्ताव उदाहरणादाखल घेऊ : ‘मुंबईत कामाच्या वेळेत खासगी मोटारींवर गर्दी-शुल्क लावावे.’ नवखा वक्ता म्हणतो, ‘यामुळे प्रदूषण कमी होईल.’ हे विधान झाले, युक्तिवाद नव्हे. युक्तिवाद असा उभा राहतो : रस्त्याची जागा मर्यादित आहे, आज ती वापरण्याचा मोबदला मोटारमालक देत नाही, त्याच्यामुळे बेस्टच्या बसमधील सर्व प्रवाशांचा वेळ जातो, शुल्क लावले की ज्याचे काम टाळता येण्यासारखे आहे तो वेळ बदलतो, आणि जमा झालेला पैसा बससेवेवर खर्च केला तर मोटार सोडणाऱ्याला पर्याय मिळतो. सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये असे शुल्क लावले, हा दाखला येथे जोडता येतो. मात्र दाखला युक्तिवादाची जागा घेऊ शकत नाही.

विरोधी बाजूने केवळ ‘गरिबांवर अन्याय होईल’ म्हणून भागत नाही. कोणता गरीब, हे सांगावे लागते. स्वतःच्या मोटारीने फोर्टला जाणारा माणूस गरीब नसतो. पण परळच्या रुग्णालयांकडे रुग्णाला मोटारीतून आणणाऱ्या कुटुंबाचे काय, आणि आधीच तुडुंब भरलेल्या लोकलमध्ये नवे प्रवासी कोठे मावणार, हे प्रश्न खरे आहेत. प्रस्तावक संघाने सवलती आधीच सांगितल्या असतील तर पहिला प्रश्न गळून पडतो आणि सामना दुसऱ्यावर येऊन थांबतो. हा सगळा सराव मराठीत, फळ्यावर, तासाभरात होऊ शकतो. त्यानंतर तेच मुद्दे इंग्रजीत मांडायला लावावेत. संदर्भांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखे ग्रंथालय, आर्थिक पाहणी अहवाल आणि रोजची दोन वृत्तपत्रे एवढी सामग्री शालेय पातळीवर पुष्कळ होते.

९. संघ कोणत्या इयत्तेपासून बांधावा? दहावीची मुले सर्वांत हुशार असतात, त्यांनाच घेतो.

राज्य मंडळाच्या शाळांची येथेच सर्वांत मोठी हानी होते. दहावीनंतर विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात जातो आणि दोन-तीन वर्षे घडवलेला वक्ता ऐन भरात आल्यावर शाळेच्या हातून निघून जातो. ज्या शाळांत अकरावी-बारावी त्याच आवारात आहेत, त्यांना तोच विद्यार्थी आणखी दोन वर्षे मिळतो. त्यामुळे सातवीतच दहा-बारा मुले निवडावीत, आठवीत त्यांना शहरातील स्पर्धा दाखवाव्यात, नववी हे मुख्य वर्ष मानावे आणि दहावीच्या मुलांना धाकट्यांचे परीक्षक म्हणून बसवावे. परीक्षण करताना त्यांचा स्वतःचा विचारही तासला जातो. गेलेल्या विद्यार्थ्यांना शनिवारी परत बोलावण्याची पद्धत ज्या शाळेत रुजते, तेथे प्रशिक्षकाची अडचण फारशी भासत नाही.

१०. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ‘शालेय’ गटात बसतात का? आणि दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला?

अकरावी-बारावी हे शालेय शिक्षणाचेच टप्पे मानले जातात, त्यामुळे पदवी महाविद्यालयाच्या इमारतीत शिकणारा बारावीचा विद्यार्थीही सहसा पात्र असतो. त्याला आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या नावाने उतरावे लागते, जुन्या शाळेच्या नावाने नव्हे. जागतिक शालेय स्पर्धेत वयाची आणि पदवीचे शिक्षण सुरू न झाल्याची अट असते. डिप्लोमाचा विद्यार्थी वयाने बसतो, पण त्याचे शिक्षण शालेय धरायचे की त्यापुढचे, याविषयी आयोजकांची मते वेगवेगळी असतात. त्यामुळे नोंदणीपूर्वी लेखी खुलासा घ्यावा आणि तो ईमेल छापून बरोबर ठेवावा.

११. आमच्याकडे दोनच तयार मुले आहेत. शेजारच्या शाळेच्या एकाला घेऊन संघ करता येईल का?

काही खुल्या स्पर्धा मिश्र संघांना परवानगी देतात, मंडळाच्या स्पर्धा देत नाहीत. परवानगी असली तरी असा संघ बाद फेरीसाठी धरला जाणार का, हे स्वतंत्रपणे विचारावे. सामन्यांची जुळणी पूर्ण व्हावी म्हणून आयोजक ऐनवेळी उभे करतात ते पूरक संघ सहसा ब्रेकसाठी धरले जात नाहीत. अनुभवासाठी मात्र पूरक संघात बोलणे उत्तम, आणि त्याचे शुल्कही बऱ्याचदा घेतले जात नाही.

१२. स्पर्धेच्या दिवशी एक वक्ता तापाने आजारी पडला तर?

पाच जणांची नोंदणी चालत असेल तर पाचही नावे द्यावीत. खर्च थोडा वाढतो, पण हा प्रश्नच मिटतो. दोघांच्या संघात एक अनुपस्थित असेल तर अनेक ठिकाणी दुसऱ्याला दोन्ही भाषणे करू देतात, मात्र त्या फेरीचे गुण ब्रेकसाठी धरण्यावर मर्यादा असतात. फेरी सुरू होण्यापूर्वी गुणतक्ता सांभाळणाऱ्यांना कळवणे आवश्यक आहे. नंतर कळवल्यास संघ गैरहजर धरला जाऊ शकतो.

१३. शाळेने परीक्षकही पाठवावा, असे निमंत्रणात लिहिले आहे. तो कोठून आणायचा?

अनेक खुल्या स्पर्धांत जितके संघ, त्याहून एक कमी इतके परीक्षक आणावे लागतात, म्हणजे एकच संघ नेणाऱ्या शाळेला बहुधा ही अट लागू होत नाही. दोन किंवा अधिक संघ असतील तर महाविद्यालयात वादविवाद करणारा माजी विद्यार्थी सर्वांत योग्य. शिक्षकांनी हे काम अंगावर घेऊ नये असे मुळीच नाही, पण आधी एखाद्या स्पर्धेत शिकाऊ परीक्षक म्हणून बसावे. आपल्या शाळेच्या संघाचे परीक्षण त्यांना दिले जात नाही.

१४. दिल्ली किंवा बंगळूरुला जायचे तर खर्च आणि परवानग्या कशा जमवायच्या?

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे पात्रता निश्चित होताच तारखा पाहाव्यात. पालकांचे संमतिपत्र, मुख्याध्यापकांचे पत्र, बोनाफाईड दाखला आणि ओळखपत्राच्या प्रती अशी एक फाइल करावी. संघात मुली असतील तर शिक्षिका बरोबर असणे आवश्यक मानावे. खर्चासाठी माजी विद्यार्थी आणि पालक-शिक्षक संघ यांच्याकडे आधी जावे. तसेच शुल्कमाफीसाठी आयोजकांना स्पष्टपणे लिहावे. शुल्कमाफी मागण्यात कमीपणा नाही, आणि अनेक आयोजक ती देतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. एखाद्या मुलाच्या घरची ऐपत नाही म्हणून त्याला वगळून दुसऱ्याला नेणे मात्र कोणत्याही शाळेने करू नये. संघ गुणांवर निवडला असेल तर त्याचा खर्च ही संपूर्ण शाळेची जबाबदारी आहे.

१५. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या सरकारी शाळांसाठी वादविवादाची साखळी आहे, असे वाचले. ती कशी चालते?

१९८५ मध्ये अटलांटा शहरात एमोरी विद्यापीठाच्या पुढाकाराने तिची सुरुवात झाली. पुढे शिकागो, न्यूयॉर्क आणि इतर शहरांत अशा साखळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी शिकागो येथे राष्ट्रीय संघटना आहे. प्रत्येक शहरात वर्षभर शनिवार-रविवारी स्पर्धा होतात आणि शहरातून पुढे आलेले संघ शहरी साखळ्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला जातात. तेथे धोरणात्मक वादविवादाची पद्धत रूढ आहे : दोघांचा संघ, संपूर्ण वर्षासाठी एकच प्रस्ताव आणि त्यावर सखोल पुराव्यांची तयारी.

एकच प्रस्ताव वर्षभर चालवण्याचा लाभ ज्या शाळांकडे ग्रंथालय किंवा प्रशिक्षक कमी आहेत त्यांना अधिक होतो, कारण पहिल्या स्पर्धेत हरलेला संघ त्याच विषयावर चौथ्या स्पर्धेपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीला येऊ शकतो. मुंबईच्या महापालिका शाळांसाठी असे शनिवारचे सामने प्रभागनिहाय सुरू व्हावेत, मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांनाही त्यात आपापल्या भाषेत बोलता यावे आणि शहरातील महाविद्यालयांनी परीक्षक पुरवावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. तीन शेजारच्या शाळा एकत्र आल्या तरी याची सुरुवात होऊ शकते. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

१६. परीक्षकाचा निकाल पटला नाही तर दाद मागता येते का?

सामन्याचा निकाल बदलून मिळत नाही. मात्र निकालामागची कारणे ऐकण्याचा आणि सभ्यपणे प्रश्न विचारण्याचा संघाला अधिकार असतो. परीक्षकाविषयी अभिप्राय देण्याचा अर्ज असतो, तो न चुकता भरावा, कारण पुढच्या फेऱ्यांत परीक्षक ठरवताना त्याचा विचार होतो. भाषा, जात, धर्म, लिंग किंवा राहण्याच्या ठिकाणावरून कोणी अपमानास्पद बोलले असेल तर ती वेगळी बाब आहे. त्याची तक्रार समता अधिकाऱ्याकडे (अशा भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्पर्धेत नेमलेल्या व्यक्तीकडे) किंवा, असा अधिकारी नेमलेला नसेल तर, मुख्य आयोजकांकडे त्याच दिवशी लेखी करावी. गुण तक्त्यात चुकीचे चढले असल्याचा संशय असल्यास ते बाद फेरीची घोषणा होण्यापूर्वी दाखवावे. ही दुरुस्ती होऊ शकते, घोषणेनंतर ती जवळजवळ अशक्य असते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर आपले गुण आणि क्रमांक वहीत लिहून ठेवण्याचे काम संघातील एकाकडे नेमून द्यावे.